कमलामावशीच्या चार्टवरची चिठ्ठी

अकरा वर्षं हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, लेकीला नाही, मोठ्या देवळात हात जोडून उभा असताना मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथेही मी पटकन विषय बदलायचो. आता त्यातला एक तुकडा आठ-नऊ लोकांना ठाऊक झाला आहे, कसा ते पुढे येईलच. पण सगळं, पहिल्यापासून, ओळीने — ते अजून कुणालाच नाही. तुम्हीच पहिले.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी आज खुशीत आहे. कबुली देणाऱ्या माणसाने खाली मान घालून बसावं अशी तुमची अपेक्षा असेल तर निराश व्हाल. आमच्या रुग्णालयात जे उभं राहिलंय ते इतकं झकास आहे की त्याबद्दल बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, आणि बायको खिडकी लावून घेते. तो चढलेला आवाज तुम्हालाही ऐकू येईल. निर्लज्जपणा म्हणा हवं तर. पण ते चांगलं काम आणि माझं वाईट काम एकमेकांपासून सोडवता येत नाहीत — मी पुष्कळ वर्षं सोडवून पाहिलं.

मी डॉक्टर आहे, फिजिशियन. तंजावूरचा मराठी. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत वाढलो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, आणि महाराष्ट्रातली माणसं ती ऐकून गालातल्या गालात हसतात. एम.डी. पुण्यात केलं. तिथे हॉस्टेलच्या मित्रांनी थट्टा करून करून माझी भाषा सरळ केली, म्हणून हे असं लिहिता तरी येतंय. रुग्णालयाचं नाव सांगणार नाही. मेडिसिनचे दोन वॉर्ड माझ्याकडे आहेत, एवढं पुरे.

तुम्ही सकाळी साडेआठला माझ्या वॉर्डात या. खरंच या. तुम्हाला आमची पिशवी-फेरी दाखवतो.

इकडे तमिळनाडूत म्हातारं माणूस दवाखान्यात येतं ते पिवळी कापडी पिशवी घेऊन — मंजप्पै म्हणतात तिला. लग्नात आहेराला देतात तसली, वर नवरानवरीचं नाव छापलेली. त्या पिशवीत माणसाची सगळी औषधं असतात. या डॉक्टरची, त्या डॉक्टरची, मेहुण्याला लागू पडली म्हणून आणलेली, तीन वर्षांपूर्वी संपायला हवी होती तरी चालूच असलेली. साडेआठला खाटेवर एक स्वच्छ चादर अंथरायची आणि पिशवी तिच्यावर उलटी करायची. एका बाजूला डॉक्टर, एका बाजूला फार्मासिस्ट. फार्मासिस्ट एकेक पट्टी उचलते आणि रुग्णाला विचारते — ही कधी घेता, कशासाठी, कुणी दिली? तिचं विचारून होईपर्यंत डॉक्टरने तोंड उघडायचं नाही. हा नियम आहे, आणि तो माझ्यासारख्या बडबड्या माणसाला अजून जड जातो. मग मी सांगायचं, प्रत्येक गोळी का हवी. कारण देता आलं नाही की गोळी बंद. शेवटी ती तिच्या सूचना चिठ्ठीवर लिहिते आणि चिठ्ठी माझ्या हातात देते. चार्टला लावत नाही — हातात देते. मी सही करतो, मान्य किंवा अमान्य, आणि अमान्य असेल तर कारण.

एवढंच. पण काय काय झालंय त्यातून! ओरत्तनाडकडच्या खेड्यातला एक सायकलदुकानदार महिन्यातून दोनदा चक्कर येऊन पडायचा. त्याच्या पिशवीत तीन डॉक्टरांनी दिलेल्या रक्तदाबाच्या तीन तऱ्हेच्या गोळ्या निघाल्या, आणि प्रत्येक डॉक्टरला वाटत होतं की आपली एकटीच आहे. दोन काढल्या. चौथ्या दिवशी तो वॉर्डात ताठ चालून दाखवत होता, नर्सला म्हणाला, बाजूला हो, मला वळायला जागा लागते. एक आजी वर्षभर कुणाशी बोलत नव्हत्या, घरच्यांनी समजून घेतलं होतं की आता हे असंच. पिशवीत झोपेच्या गोळ्या सापडल्या, दोन वेगवेगळ्या नावांच्या. हळूहळू कमी करत बंद केल्या. एका सकाळी आजींनी डोळे उघडले, सुनेकडे नीट पाहिलं आणि कॉफी पांचट झाल्याबद्दल तिला असं काही झापलं की सून तोंडाला पदर लावून आनंदाने रडायला लागली. अख्खा वॉर्ड हसत होता.

पहिल्यांदा माझे दोन वॉर्ड, मग सर्जरी, मग हाडांचा विभाग — तिथला प्रमुख शेवटपर्यंत अडून बसला होता, आता तोच सर्वांत कडक. बाहेरच्या रुग्णालयांतून लोक बघायला येतात. पाहुण्यांपुढे माझी ओळख करून देताना सांगतात, पिशवी-फेरी ह्यांनी सुरू केली. मी हात हलवून नाही-नाही म्हणतो. ते त्याला विनय समजतात.

तो विनय नव्हता. आता सांगतो — थांबा, ओळीने सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे पूंगोडी नावाची मुलगी फार्मासिस्ट म्हणून लागली. पापनाशमच्या पलीकडच्या एका खेड्यातून रोज बसने यायची, वेणीत अबोलीचा गजरा, हातात भलीमोठी वही. चोवीस वर्षांची. सहा वर्षं शिकून आलेली, आणि तिला औषधांच्या खिडकीत नाही, वॉर्डात काम करायचं होतं. रुग्णालयाने परवानगी दिली — कुठल्याशा तपासणीसाठी तसं दाखवणं गरजेचं होतं. ती रोज खाटेखाटेपाशी फिरायची, चार्ट वाचायची आणि काही खटकलं तर हिरव्या चिठ्ठीवर लिहून चार्टला चिमटा लावून ठेवायची.

मला तिचा राग यायचा. कशाला खोटं बोलू? माझ्या हस्ताक्षराखाली कुणीतरी बारीक, गोल अक्षरात लिहावं — ‘डोस मूत्रपिंडाच्या मानाने जास्त वाटतो, सार, कृपया पाहावे’ (इकडे ‘सर’चं ‘सार’ होतं) — हे मला झेपायचं नाही. बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. त्यामुळे राग आणखी वाढायचा. मी बदल करायचो, पण ती समोर नसताना, आणि असं दाखवत की मलाच सुचलं. हा गुन्हा नव्हे, ठाऊक आहे. पण सुरुवात इथूनच झाली.

मग कमलामावशी दाखल झाल्या.

कमलामावशी म्हणजे माझ्या आईची मैत्रीण, आमच्याच गल्लीतल्या, निवृत्त शाळामास्तरीण. वय चौऱ्याहत्तर. मला अंगाखांद्यावर खेळवलेलं. छातीत धडधडतंय म्हणून मुलीने आणून सोडलं. कार्डिओग्राम काढला तर ठोके अनियमित — असल्या वेळी हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जायची भीती असते, म्हणून रक्त गोठू न देणारी गोळी द्यावी लागते. मीच शोधलं याचा मला कोण आनंद! खाटेवर बसून त्यांना सगळं विचारलं. आमच्या मराठीत. आजूबाजूला कुणाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि मला वाटत होतं की इतका नीट, इतका आतला इतिहास दुसरा कोणता डॉक्टर घेऊ शकेल? घरी कुठल्या गोळ्या घेता? साखरेची एक, म्हणाल्या. बाकी? बाकी काही नाहीं रे. बरं. मी लिहून टाकलं आणि गोळी सुरू केली. मग आम्ही आईच्या हातच्या रसवांग्याबद्दल बोलत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या चार्टला हिरवी चिठ्ठी.

ती चिठ्ठी मला पाठ आहे. ‘रुग्णाच्या उशीखाली पिवळी पिशवी आहे. पापनाशमच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी रक्त गोठू न देणारी गोळी दिली आहे. तीच गोळी, कंपनीचे नाव वेगळे. रुग्ण ती अजून स्वतः घेत आहे आणि आपण लिहिलेली पण घेत आहे. एक ताबडतोब बंद करावी. आपल्याला सांगू नका असे रुग्णाने सांगितले आहे, पण सांगणे जरूर आहे. — पूंगोडी.’

मी ती खाटेजवळ उभ्यानेच वाचली. मावशी झोपल्या होत्या. उशीखालून पिशवीचा पिवळा कोपरा दिसत होता. हात लांब करायचा अवकाश होता.

का नाही केला?

पापनाशमचा डॉक्टर? माझ्या कमलामावशी? जन्मभर आमच्या गल्लीतलं कुणी शिंकलं तरी आधी माझ्याकडे येतं, आणि मावशी पापनाशमला मुलीकडे राहायला गेल्या असताना तिथल्या कुणाकडून औषध आणतील आणि मला सांगणार नाहीत? मी स्वतः विचारलं होतं. मराठीत विचारलं होतं. आणि ही काल आलेली पोर, ह्या बाईशी तमिळमध्ये दोन शब्द बोलून, मला सांगते की मला खरं सांगितलेलं नाही. मला ते खोटं वाटलं असं नाही. खरं सांगायचं तर — मला ते खोटं असायला हवं होतं. पिशवी उघडली असती तर तिचं खरं ठरलं असतं. म्हणून उघडली नाही. चिमटा दाबून चिठ्ठी काढली, घडी घातली आणि कोटाच्या खिशात टाकली. ‘संध्याकाळी बघू’ असं मनाशी म्हटलं, आणि संध्याकाळी बघितलं नाही.

दोन दिवसांनी मावशींच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग नाकातून. मग शौचाला काळं झालं. पोटात रक्तस्राव. त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं, दोन्ही गोळ्या बंद, रक्ताच्या पिशव्यांवर पिशव्या. तो दीड दिवस मी त्यांच्या खाटेशेजारून हललो नाही, आणि सगळे म्हणत होते, बघा, किती जीव आहे डॉक्टरांचा. जीव होताच. पण मला भीती कसली वाटत होती? मावशी जातील याची — हो. आणि त्याच्याच बाजूला, अगदी चिकटून, खिशातल्या चिठ्ठीची. दोन भीतींतली कुठली मोठी होती हे मला विचारू नका, कारण मला उत्तर माहीत आहे.

मावशी वाचल्या. दणकट बाई. शुद्धीवर आल्या आणि माझा हात धरून त्यांनी काय केलं असेल? माझी माफी मागितली.

“रघु, तूं आपला माणूस ना रे,” म्हणाल्या. “तुझ्या तोंडासमोर दुसऱ्या डॉक्टराचें नांव कसें घेऊं? तुज वाईट वाटेल म्हणून सांगितलें नाहीं.”

झालं ते असं होतं. आपल्या माणसाचा मान राखायचा म्हणून त्यांनी आपल्या माणसापासून लपवलं, आणि परक्या मुलीपुढे पिशवी उघडली, कारण तिचा मान राखायची गरजच नव्हती. ज्या मराठीचा मला एवढा ताठा होता, तिनेच मला आंधळं केलं. पूंगोडीने हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मी त्या दिवशी मावशींना म्हटलं, असू द्या, होतं असं. थोर मनाने माफ केलं मी त्यांना!

आठवड्याने औषध समितीची बैठक झाली. सुपरिंटेंडंट मॅडम, मेट्रन, फार्मसीचे प्रमुख, मी, आणि टेबलाच्या टोकाला पूंगोडी. एकच प्रश्न होता — फार्मसीने ही दुहेरी गोळी पकडली होती का? पूंगोडी म्हणाली, हो, पकडली होती, मी चिठ्ठी लावली होती. मॅडमनी चार्ट उलटसुलट पाहिला. चिठ्ठी नव्हती. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

चिठ्ठी माझ्या खिशात होती. तोच कोट. मी दुसरा कोट घालून जाऊ शकलो असतो, पण गेलो नाही — का ते मला आजही सांगता येत नाही. घडीचा कोपरा बोटाला लागत होता.

“माझ्यापर्यंत काही आलं नाही,” मी म्हणालो.

तेवढंच. चार शब्द. मला वाटलं होतं आता ती भांडेल. तिने भांडावं अशी मी मनातून तयारी केली होती, उत्तरंही जुळवून ठेवली होती. पण पूंगोडीने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर राग आलाच नाही. ती आठवायला लागली. मला ते दिसत होतं — ती त्या दुपारचा वॉर्ड आठवत होती, किती खाटा केल्या, कुठल्या चार्टचा चिमटा सैल होता, घाई होती का, बस चुकेल म्हणून. आणि मग ती हळू आवाजात म्हणाली, “लावली होती असं वाटतं, सार.”

‘लावली होती’ म्हणणारी मुलगी ‘वाटतं’ म्हणाली. डॉक्टर खोटं बोलेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिने माझ्यावर संशय घेतला नाही, स्वतःवर घेतला. आणि मी तिच्यासमोर बसून ते होऊ दिलं.

तिला वॉर्डातून काढून तळघरातल्या भांडारात टाकलं, मुदत संपलेल्या बाटल्या वेगळ्या करायला. चिठ्ठी मी डॉक्टरांच्या बाथरूममध्ये फाडली आणि पाणी सोडलं. सात महिने गेले. त्या सात महिन्यांत आणखी दोनदा मी चुकता-चुकता वाचलो, आणि दोन्ही वेळा मला चार्टवर ते बारीक गोल अक्षर हवं होतं. लाज वाटून नाही, हां — गरज वाटून. मी सुपरिंटेंडंट मॅडमकडे गेलो आणि म्हणालो, त्या मुलीला एक संधी देऊ या, एखादी चूक होते माणसाकडून.

एखादी चूक होते माणसाकडून! हे मी म्हणालो. तिच्याबद्दल.

पूंगोडी परत आली आणि पहिल्याच दिवशी माझ्या खोलीत येऊन तिने माझे आभार मानले. घरून केळीचे वेफर्स आणले होते. मग म्हणाली, सार, एक विनंती आहे. मी आता चिठ्ठी चार्टला लावणार नाही. तुमच्या हातात देणार आणि तुमची सही घेणार. माझ्याकडून पुन्हा तसं व्हायला नको. आणि रुग्णाची पिशवी तुमच्या समोर उघडणार — म्हणजे काही राहून जाणार नाही. मी म्हणालो, चांगली कल्पना आहे. दुसरं काय म्हणणार होतो?

तर अशी सुरू झाली पिशवी-फेरी. आता कळलं ना, मी हात हलवून नाही-नाही का म्हणतो? सगळं तिचं आहे. चादर तिची, प्रश्नांचा क्रम तिचा, डॉक्टरने गप्प बसायचा नियम तर खास तिचा. माझं त्यात एकच आहे — ज्या चुकीवर ते उभं आहे ती माझी, आणि ती तिच्या नावावर आहे.

कारण ती लपवत नाही. हेच तर भयंकर आहे. दरवर्षी फार्मासिस्टांची नवी तुकडी येते आणि पहिल्या दिवशी पूंगोडी त्यांना स्वतःची गोष्ट सांगते. मी चोवीस वर्षांची होते, चिठ्ठी नीट लावली नाही, ती पडली, आणि एक आजी मरता-मरता वाचली. सारांनी मला सांभाळून घेतलं. तुम्ही माझ्यासारखं करू नका. मुलं-मुली वहीत उतरवून घेतात. ती गोष्ट सांगताना तिचा आवाज दरवर्षी त्याच जागी बारीक होतो. मी मागच्या बाकावर बसलेला असतो, प्रमुख पाहुणा.

मावशी त्यानंतर सहा वर्षं जगल्या. शेवटच्या वर्षी पूंगोडीच्या हाताने पाणी प्यायच्या, माझ्या नाही. मला ते योग्यच वाटायचं. पण त्यांनाही मी सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात पूंगोडी आमच्या क्लिनिकल फार्मसी विभागाची प्रमुख झाली. तेव्हापासून मी हे लिहायला बसतोय. तीनदा सुरुवात केली. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी किती लबाड आहे. मराठीत का लिहितोय मी? ह्या गावात देवनागरी वाचणारे किती? माझ्या लेकीलाही आमची भाषा समजते, पण वाचता येत नाही. पूंगोडीच्या हातात हा कागद दिला तर तिला हा किराणामालाच्या यादीइतकाही कळणार नाही. म्हणजे कबुलीही दिली आणि कुणाला कळलंही नाही — पुन्हा चिठ्ठी खिशातच. स्वतःचं हसू आलं मला. मोठ्याने हसलो, बायकोने विचारलं काय झालं, मी म्हणालो, काही नाही, एका माणसाला रंगेहाथ पकडलं.

कागद बाजूला ठेवला. वाट पाहिली. काल सकाळी नवी तुकडी आली — पाच मुली, दोन मुलगे. सभागृह नव्हे, आमचीच वॉर्डाशेजारची छोटी खोली, पंखा कुरकुरत होता. मी मागच्या बाकावर. पूंगोडी बोलत होती. पिशवी, चादर, प्रश्न. मग तिची गोष्ट आली. आजी, पापनाशमची गोळी, हिरवी चिठ्ठी. ‘मी ती चार्टला नीट लावली नाही —’

मी उभा राहिलो. तमिळमध्ये बोललो, म्हणजे सगळ्यांना कळेल असं. चिठ्ठी लावलेली होती, मी म्हणालो. चिमट्यात घट्ट होती. मी वाचली, मी काढली, आणि बैठकीत खोटं बोललो. नंतर ती फाडून टाकली.

एवढं बोलायला किती वेळ लागला असेल? अर्धा मिनिटही नाही. अकरा वर्षं मी ह्या अर्ध्या मिनिटाला घाबरत होतो. मुलांची पेनं थांबली. एक मुलगी माझ्याकडे पाहायची आणि पटकन वहीकडे.

पूंगोडी हलली नाही. आता तिचे केस कानापाशी पांढरे व्हायला लागले आहेत; चष्मा आहे. तिने माझ्याकडे पाहिलं — आणि पुन्हा तेच, त्या दिवसासारखंच, ती आठवत होती. वॉर्ड, खाट, चार्ट, चिमटा. फरक एवढाच की ह्या वेळी तिला आठवलं. तिचा चेहरा असा उजळत गेला की मला तिकडे पाहवेना, आणि नजरही काढवेना. राग येईल, रडू येईल, ती निघून जाईल — मी सगळ्याची कल्पना केली होती. ह्याची केली नव्हती.

“म्हणजे मी नीट लावली होती,” ती म्हणाली.

मी म्हणालो, हो.

ती माझ्याशी आणखी काही बोलली नाही. काल नाही, आज सकाळच्या फेरीतही नाही. औषधांबद्दल बोलली तेवढंच. बोलावं असं मी म्हणत नाही. सुपरिंटेंडंट मॅडमना मी काल दुपारीच लेखी दिलं आहे, त्यांना जे करायचं ते त्या करतील. त्या बैठकीची जुनी नोंद तिच्या फाइलीत आहे. ती खोटी आहे असं मी सहीनिशी लिहून दिलं आहे.

पण ते वाक्य. ते बोलून ती मुलांकडे वळली आणि खणखणीत आवाजात — असा तिचा आवाज मी अकरा वर्षांत ऐकला नव्हता — तिने गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. “मी चोवीस वर्षांची होते,” ती म्हणाली, “आणि मी ती चूक पकडली.” मुलांनी वहीचं पान उलटलं आणि लिहून घ्यायला सुरुवात केली.